कंट्रोल म्हणून माझं रक्त

सोहारच्या इस्पितळात तळमजल्यावर माझी लॅब.
खिडकी नाही. दार उघडलं तरच कळतं
बाहेर किनाऱ्यावर तारल्या वाळत घातल्यात;
वास जयगडचाच, फक्त कोरडा.

पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी वॉर्डातून नळी आली,
अजून कोमट.
नाळेचं रक्त. लेबल: रय्या बिन्त हमूद हिचा मुलगा.
वजन तीन किलो शंभर. नाव अजून नाही.

तुलनेला शेजारी एक प्रौढ लागतो.
बिजू सुट्टीवर कोट्टयमला,
म्हणून मीच बाही वर केली, नाइटच्या सिस्टरने सुई टोचली.
लेबल: प्रौढ, पुरुष, त्रेचाळीस.

पेशींना रंग चढवले, वीस मिनिटं अंधारात ठेवल्या,
मग यंत्रातून एकेक करून सोडल्या,
मस्कतच्या विमानतळावर आम्हाला सोडतात तशा.

माझ्या बऱ्याचशा पडद्यावर उजवीकडे सरकल्या.
आठवणवाल्या. एकेकीच्या अंगावर शिक्का:
चौथीतल्या कांजिण्या,
टायफॉइड, ज्यात स्नेहसंमेलनातलं माझं काम दुसऱ्याला गेलं,
रुवीच्या खोलीत सहा जणांत फिरलेला ताप,
करोना, दोनदा.
ओळखीचं कोणी आलं की ताडकन उठतात.
अनोळखी आलं तर आधी कागद बघतात,
वर विचारतात,
आठवडा जातो.

त्याच्या सगळ्या डाव्या कोपऱ्यात,
एक गच्च, गुळगुळीत ढग.
कोरी पाटी, मी म्हणालो.

"कोरी म्हणजे कच्ची नव्हे, दिगम,"
डॉक्टर झुवैना करक चहाचा कप खाली न ठेवता म्हणाल्या.
"या ओळख पटायची वाट बघत नाहीत.
हाक ऐकली की धावतात,
कोण ओरडलं ते नंतर.
तुझ्या म्हाताऱ्या पेशींना ते आता जमणार नाही.
आणि यांच्यात शमवणाऱ्याही भरपूर आहेत बघ.
नऊ महिने आईच्या घरात काढायचे,
आणि आई तर पेशींच्या हिशेबात अर्धी परकीच.
तिच्यावर हात उगारायचा नाही
हा यांचा पहिला धडा."

वर वॉर्डात आत्ता त्याची आजी
खजूर चावून मऊ करून
बोटाने त्याच्या टाळूला लावत असेल.
जगातली पहिली परकी चव.
लढाईची जबाबदारी सध्या आईची:
तिने नाळेतून बांधून दिलेली शिदोरी
सहाएक महिने पुरते म्हणतात.

"तिच्या थोड्या पेशीसुद्धा असतात आत," डॉक्टर म्हणाल्या,
"लाखात एखादी. चुकून आलेल्या.
हा त्यांना हाकलत नाही."
कधीपर्यंत?
"कधी कधी जन्मभर."
पेजर वाजला. त्या गेल्या.

आई गेली ज्येष्ठात.
माझ्या रजेचा अर्ज मंजूर होऊन आला
तेराव्याच्या दिवशी.

मी माझीच नळी पुन्हा लावली.
पन्नास हजारांऐवजी दहा लाख पेशी मोजायला सांगितल्या.
पाऊण तास ठिपके पडत राहिले,
कांजिण्या, टायफॉइड, रुवी.
कोपऱ्यात दोन-तीन एकटे पडलेले ठिपके होते,
पण ते नेहमीच असतात,
त्यांना आम्ही कचरा म्हणतो
आणि रेघ ओढून बाहेर काढतो.
आज रेघ ओढताना हात थोडा आत राहिला, एवढंच.

रिपोर्टवर लिहिलं: प्रौढ नमुना, सामान्य.
तोवर फज्रची अजान झाली होती.
त्याचं उरलेलं रक्त पिवळ्या पिशवीत.
माझंही तिथेच जायला हवं.
पण लहानांच्या लेबलवर आईचं नाव असतं,
प्रौढांच्या लेबलला तो रकानाच नसतो,
हे इतक्या वर्षांत मी पाहिलं नव्हतं.

बॉलपेनने, कडेला, बारीक अक्षरात लिहिलं
आणि नळी फ्रिजमध्ये मागच्या कप्प्यात ठेवली.
दुपारपर्यंत.